तालमीतला नवरा

मंडळी, आज मराठी रंगभूमी दिन. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ह्याच सांगलीत 'सीता स्वयंवर' उभं केलं, तेव्हा मागे चिंतामणराव पटवर्धनांचा राजाश्रय होता. मला त्या नटांचा हेवा वाटतो तो एवढ्याचसाठी, की एक तालीम अर्धी टाकून त्यांना स्कूटरवरनं मिरजेच्या तालमीला पळायचं नव्हतं. मी गेली बावीस वर्षं पळतोय.

सगळा घोळ गणपतीत होतो. आरती झाली की कुणीतरी खांद्यावर हात टाकतो. "यंदा स्पर्धेला उतरतोय. छोटंसंच काम आहे, तू असलास की झालं." तोंडात मोदक असतो, आपण मान हलवतो. दोन दिवसांनी दुसऱ्या मांडवात दुसरा, मग तिसरा. नोव्हेंबर तेव्हा फार लांब दिसतो. पण आपल्या सगळ्या हौशी संस्थांचं घोडं एकाच गंगेत न्हातं. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे, आणि दिवाळीनंतर प्राथमिक फेरी आली की तिन्ही नाटकांच्या शेवटच्या तालमी त्याच पंधरवड्यात येतात. लोकांना वाटतं, प्रयोगांच्या तारखा एकमेकांवर येत असतील. तसं क्वचितच होतं. प्रयोग वेगवेगळ्या रात्री असतात. आपटतात त्या तालमी. त्यात मी बँकेतला, ३० सप्टेंबरचं सहामाही क्लोजिंग. सप्टेंबरचा शेवटचा पंधरवडा तर आधीच गेलेला.

कुणी म्हणेल, व्यावसायिक नट कसं करतात? प्रशांत दामल्यांनी २०२२ साली १२,५००वा प्रयोग केला. खरंय, पण तिथं नाटक बसलेलं असतं आणि तारखा बघायला माणूस असतो. आपल्याकडे तारखा बघते बायको, आणि ती वेगळ्या नजरेनं बघते.

पाठांतराचा मात्र उगाच बाऊ होतो. मी प्रत्येक नाटकाला वेगळी वही आणि वेगळी चप्पल ठेवतो. सावकाराला करकरणारी कोल्हापुरी, हेडमास्तराला रबरी. पायात चप्पल गेली की वाक्यं येतात. एकदा घाईत कोल्हापुरीच राहिली. समोर माझी मुलगी विचारतेय, "बाबा, मुलगा पसंत आहे ना?" आणि हेडमास्तर म्हणाले, "व्याजाचं काय ते बोला." प्रेक्षक असे हसले, की दिग्दर्शकानं ते वाक्य पुढच्या प्रयोगाला ठेवायला सांगितलं. चुकलेलं वाक्य निभावतं हो.

निभत नाही ते दुसरंच. मागं एका नाटकात मी नवऱ्याचं काम करत होतो. चोवीस तालमी झाल्या, त्यातल्या नऊंना मी नव्हतो. माझ्या जागी प्रॉक्सी द्यायचा तो प्रकाशयोजनेवरचा पोरगा. संहिता हातात, वाक्यं भराभर वाचायचा, आणि कागद नीट ठेवता यावेत म्हणून टेबलापाशी उभा राहायचा. माझी जागा खिडकीपाशी होती, वहीत पेन्सिलीनं खूणसुद्धा केली होती. पण बायकोचं काम करणारी आमची मैत्रीण, बिचारी, नऊ दिवस त्याच्याशी भांडली, त्याच्याशी रुसली. त्याच्या वाक्याच्या वेगावर तिनं आपलं उत्तर बसवलं. मी गेलो की तिचे शब्द माझ्या आधी यायचे. मला वाटायचं, ती घाई करतेय. दोनदा तसं बोलूनही दाखवलं, ह्याची आज लाज वाटते.

रंगीत तालीम मी अर्धीच केली, कारण त्याच रात्री दुसऱ्या नाटकाचा प्रयोग होता.

आणि मग आमचा प्रयोग. तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला. दुसऱ्या अंकात ती चहाचा कप घेऊन येते आणि न बोलता नवऱ्याच्या हातात देते, तो भांडणानंतरचा प्रवेश. ती आली. कप पुढे केला तो टेबलाकडे. तिथं कुणी नव्हतं. मी खिडकीशी, वहीतल्या खुणेवर, अगदी बरोबर उभा होतो, आणि माझ्या तोंडावर काळोख होता. वर बसलेल्या त्या पोरानं स्पॉट टेबलापाशी सोडला होता. नवरा कुठं उभा राहतो, ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? दोन पावलं चालत मी त्या उजेडात गेलो आणि कप घेतला.