घरात कोणी गप्प गप्प झालंय का?

नमस्कार मंडळी,

इकडे अमेरिका-कॅनडात दिवस लहान झालेत, दुपार सरते न सरते तोच दिवे लावावे लागतात, आणि जो भेटेल तो सुट्ट्यांचा प्लॅन विचारतोय. मला मात्र आज वेगळंच विचारायचंय, तुमच्या घरात कोणी नेहमीपेक्षा गप्प गप्प झालंय का?

थंडीत सकाळी उठवत नाही, सारखं गोड खावंसं वाटतं, वजन वाढतं, मित्रांचा फोन आला तरी उचलायला नको वाटतं, आणि घरातले म्हणतात आळस चढलाय, दुसरं काय. आपल्या डोक्यात डिप्रेशन म्हणजे जेवण सुटलेला, झोप उडालेला माणूस, त्यामुळे जो भरपूर जेवतो आणि दहा-दहा तास झोपतो त्याच्याबद्दल शंकाच येत नाही! पण हिवाळ्यातल्या डिप्रेशनमध्ये बऱ्याचदा हेच उलटं होतं. मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये याला सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर, म्हणजे ठरावीक ऋतूत येणारं डिप्रेशन, असं नाव दिलं. रोझेन्थल स्वतः दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत आलेले, तिथल्या हिवाळ्यात आपली एनर्जी कशी जाते हे त्यांनी स्वतः अनुभवलं होतं. म्हणजे भरपूर उन्हातून आलेल्या माणसाला हे होणं यात लाजण्यासारखं काहीच नाही.

आपल्या शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर चालतं. घरातले दिवे कितीही लख्ख वाटले तरी साधारण काहीशे लक्सचे (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) असतात, बाहेर ढगाळ असलं तरी उजेड त्याच्या कितीतरी पट असतो. म्हणून ऊन पडायची वाट न बघता सकाळी बाहेर पडा, आणि मुलांकडे राहायला आलेल्या आईबाबांना तर मुद्दाम न्या, गाडी चालवता येत नाही म्हणून ते दिवसभर त्याच खुर्चीत बसून असतात आणि विचारलं की "आमचं काय, आम्ही मजेत" म्हणतात. लाइट बॉक्सही मिळतात, म्हणजे समोर ठेवून बसायचे प्रखर दिवे, १०,००० लक्सचा, सकाळी उठल्यावर साधारण अर्धा तास, त्याच्याकडे टक लावून न बघता. रात्री नको, झोप जाते. बायपोलर (मूड कधी खूप चढतो, कधी खूप पडतो तो आजार) किंवा डोळ्यांचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको.

सुट्ट्यांचं म्हणाल तर, चार घरी जायचं, चार जणांना बोलवायचं, आणि त्याचा भार बहुतेक घरातल्या बाईवर. त्यातलं एक-दोन बिनधास्त रद्द करा, कोणी रागावत नाही, आणि रागावलं तर रागावू दे. ज्या घरात यंदा कोणी गेलंय तिथे विषय टाळू नका, त्या माणसाचं नाव घ्या, आठवण काढा, घरच्यांना तेच हवं असतं.

टीनएजर मुलांना समोर बसवून "काय झालंय तुला" विचारलं की "काही नाही" एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा गाडीत, शेजारी बसलेलं असताना विचारा, डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही म्हणून मूल जरा मोकळं बोलतं, आणि बोलायला लागलं की मधे सल्ला नको. मन खूपच खचलेलं वाटलं तर जीव द्यायचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात घुसतो ही भीती खरी नाही, उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणसाला हायसं वाटू शकतं. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, अमेरिकेत आणि कॅनडात ९८८ या मदतीच्या हेल्पलाइनवर कधीही फोन किंवा मेसेज करता येतो, जिवाला लगेच धोका वाटला तर थेट इमर्जन्सी नंबर लावा. आणि नुसती उदासीसुद्धा दोन आठवडे जवळजवळ रोज राहिली तर डॉक्टरांकडे जा, औषधं आहेत, थेरपी आहे, आणि दोन्हींचा उपयोग होतो.

एक मात्र लक्षात असू द्या, डिसेंबरमध्ये सगळे एकमेकांची चौकशी करतात, पाहुणे गेले की फोनही थांबतात. थंडी तर पुढे दोन-तीन महिने असते. तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीतही फोन करत राहा, विशेषतः जे एकटे राहतात त्यांना.