दोन भोवरे बांधलेला इलेक्ट्रॉन

नमस्कार श्रोतेहो. हाताशी कागद-पेन्सिल असेल तर एक ओळ लिहून घ्या: १/३, २/५, ३/७, ४/९. तिच्याखाली दुसरी: २/३, ३/५, ४/७. आज ज्यांच्याविषयी बोलायचं आहे, त्या भौतिकशास्त्रज्ञ जैनेंद्र जैन यांचं काम या दोन ओळींत आहे.

हे अपूर्णांक आले प्रयोगशाळेतून. दोन अर्धवाहकांच्या सांध्यात इलेक्ट्रॉनांचा अतिशय पातळ थर कोंडायचा, तो निरपेक्ष शून्याजवळ थंड करायचा आणि जबरदस्त चुंबकीय क्षेत्रात ठेवायचा. क्षेत्र वाढवलं की थराचा आडवा, म्हणजे विद्युतप्रवाहाच्या काटकोनात मोजलेला, रोध पायऱ्या-पायऱ्यांनी चढतो. १९८० मध्ये क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांना आढळलं, की सुमारे २५,८१३ ओहम या आकड्याला १, २, ३ अशा पूर्णांकांनी भागलं की पायऱ्या मिळतात. दोनच वर्षांनी १/३ ची, म्हणजे त्याच आकड्याला १/३ ने भागल्यावर येणारी, पायरी सापडली. तिचा उलगडा रॉबर्ट लाफलिन यांनी केला. पण नमुने जसजसे शुद्ध होत गेले, तसतसे नवे अपूर्णांक निघतच राहिले. प्रत्येकाला वेगळं कारण कुठून आणायचं?

आता कागदाकडे बघा. वरच्या ओळीत छेद म्हणजे अंशाची दुप्पट अधिक एक. खालच्या ओळीत दुप्पट उणे एक. ही 'दुप्पट' कुठून आली, हे जैन यांनी १९८९ मध्ये सांगितलं. प्रत्येक इलेक्ट्रॉन क्वांटम तरंगातले दोन भोवरे स्वतःला बांधून घेतो. या जोडकणाला म्हणतात कंपोझिट फर्मिऑन. भोवऱ्यांमुळे बाहेरच्या क्षेत्राचा बराचसा भाग खोडला जातो, आणि उरलेल्या थोड्या क्षेत्रात हे जोडकण तेच जुने १, २, ३ गिरवतात! इलेक्ट्रॉनांचा अपूर्णांक तो जोडकणांचा पूर्णांक. इतकी साधी गोष्ट इतक्या गुंतागुंतीतून वेचून काढणं, मला तरी यापुढे हात जोडावेसे वाटतात.

जैन राजस्थानातल्या सांभरचे. लहानपणीच्या अपघातात पाय अधू झाला, कॉलेजचं स्वप्न संपल्यासारखंच होतं. जयपूर फूटने त्यांना पुन्हा उभं केलं. मग जयपूरचं महाराजा कॉलेज, आयआयटी कानपूर, अमेरिकेत स्टोनी ब्रुक आणि पुढे पेन स्टेट विद्यापीठ.

२००२ मध्ये त्यांना निकोलस रीड आणि रॉबर्ट विलेट यांच्यासह बकली पारितोषिक मिळालं. या क्षेत्रात तो मोठाच मान. २०२१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवड झाली, आणि २०२५ चं वुल्फ पारितोषिक जेम्स आयझेनस्टाइन व मोर्दखाय हायब्लुम यांच्याबरोबर मिळालं. मला मात्र दुसरी एक पावती जास्त मोलाची वाटते. तुमच्या कागदावरच्या या ओळींना जगभरचे भौतिकशास्त्रज्ञ जैन यांच्याच नावाने ओळखतात.

आणि या ओळी अजून नव्या नव्या ठिकाणी उगवत आहेत. २०२४ मध्ये ग्राफीनच्या, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या पातळ पापुद्र्याच्या, एकावर एक रचलेल्या पाच थरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. इथे बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावावंच लागलं नाही. तरीही पायऱ्या मिळाल्या. कोणत्या? २/३, ३/५, ४/७. आणि दुसऱ्या बाजूने २/५, ३/७, ४/९. ताडून बघा तुमच्या कागदाशी.