डांबरी शिंगलांचे छप्पर: पाणी नेमके कुठून शिरते

मित्रहो, डांबरी शिंगलांचे छप्पर म्हणजे घरावर ताणून बसवलेली जलरोधक चादर, अशी बहुतेक घरमालकांची समजूत असते. प्रत्यक्षात ती माशाच्या खवल्यांप्रमाणे एकमेकांवर चढलेल्या चपट्या तुकड्यांची, म्हणजे शिंगलांची, रचना आहे आणि पाण्याला थांबू न देता वळचणीकडे उतरवणे हे तिचे काम आहे. म्हणूनच १२ इंच आडव्या अंतरामागे निदान २ इंच चढ नसेल तर शिंगले लावू नयेत. चढ २ ते ४ इंचांच्या दरम्यान असेल तर खालचे अस्तर दुहेरी घालावे लागते.

आता एक शिंगल हातात घ्या. मधोमध काचतंतूंचा पातळ थर, त्याच्या दोन्ही अंगांना चुनखडीची भुकटी मिसळलेले डांबर आणि वरच्या बाजूला रंगीत दगडी कणी दिसेल. ही कणी शोभेची वाटते, पण उन्हातील अतिनील किरण तीच अडवते. ती झडून डांबर उघडे पडले की ते कडक होते आणि तडकते. नव्या छपरावरची सुटी कणी पहिल्या काही पावसांत पन्हळीत उतरते, त्याची चिंता नको. जुन्या छपराची कणी मात्र मुठीमुठीने जमू लागली, तर ती वयाची खूण समजावी.

सर्वांत अधिक लक्ष द्यावे ते खिळ्यांकडे, कारण काम पुरे झाल्यावर ते दिसतच नाहीत. साधारणतः एका शिंगलाला चार, आणि जोरदार वाऱ्याच्या ठिकाणी सहा खिळे लागतात. ठरलेल्या रेषेवर मारलेला खिळा खालच्या शिंगलाच्या वरच्या काठातूनही जातो, म्हणजे प्रत्येक शिंगल दोनदा पकडले जाते. कारागिराने खिळा दोन बोटे वर मारला की ही दुसरी पकड सुटते. हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राने जोर जास्त लागला, तर खिळ्याचे डोके शिंगल कापून आत रुतते. शिंगलावरील चिकट पट्टी उन्हाच्या उष्णतेनेच खालच्या शिंगलाला धरते. थंडीत बसवलेल्या छपरावर ती चिकटण्याआधी धूळ बसली, तर वारा कडा उचलू लागतो.

तरीही गळती बहुधा मोकळ्या पाख्यावर होत नाही. ती धुराड्याभोवती, भिंत आणि छप्पर जिथे मिळतात तिथे, दोन पाख्यांमधल्या घळीत किंवा छपरातून वर आलेल्या नळाच्या तडकलेल्या रबरी कॉलरपाशी होते. भिंतीलगत प्रत्येक ओळीसोबत काटकोनात वाकवलेला पत्र्याचा स्वतंत्र तुकडा गुंफावा लागतो. त्याऐवजी वरून सीलंटची रेघ ओढून दिलेले काम, माझ्या मते, काम न केल्यातच जमा आहे, कारण ती रेघ ऊन-पावसात फाटतेच.

छतावर डाग दिसला म्हणून त्याच्या बरोबर वर भोक शोधू नका; पाणी वाशावरून बरेच अंतर घरंगळत येते. कित्येकदा तर ते पावसाचे नसतेच. माळ्यावर हवा खेळती नसेल, तर घरातील वाफ थंड फळ्यांच्या खालच्या बाजूला गोठते किंवा थेंबांनी टपकते आणि वरची शिंगले विनाकारण बदलली जातात.

नव्या छपराचे दरपत्रक हाती आले की लोक शिंगलांचा रंग आणि हमीची वर्षे पाहतात. त्याआधी, सांध्यांवरचे, म्हणजे भिंतीलगत गुंफलेले, पत्र्याचे जुने तुकडे काढून नवे बसवणार की तेच पुन्हा वापरणार, हे त्यावर लिहून घ्या.