नरक्या

नमस्कार श्रोतेहो.

मागच्या वर्षी वहिनीला घेऊन सहा महिने खारघरच्या टाटाला माझ्या फेऱ्या चालल्या होत्या. ठाण्याहून पनवेल लोकल, पुढे रिक्षा, मग दिवसभर सलाईनच्या थेंबांकडे बघत बसायचं. बाटलीतल्या फिकट पिवळ्या औषधाचं नाव इरिनोटेकान. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर देतात. हे मूळचं झाडातलं औषध, एवढं कळलं आणि रिकाम्या वेळात मी त्या झाडाच्या मागे लागलो.

झाडाचं नाव नरक्या. सह्याद्रीच्या सदाहरित जंगलात, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारं हे लहानसं झाड. पावसाळ्यात फुललं की असा घाण दर्प सुटतो, की नावाचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही. आपल्या ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात शोधू नका, तिथलं रान पानगळीचं. आंबोली, कोयना, चंदगड हा त्याचा मुलूख.

यातलं मूळ द्रव्य कॅम्पटोथेसिन. ते 1966 साली अमेरिकेत मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून वेगळं काढलं. वाणी जन्माने आपल्या नंदुरबारचे, बरं का! त्या चिनी झाडाच्या नावाचा अर्थ आनंदवृक्ष. तेच द्रव्य 1972 मध्ये भारतीय रसायनशास्त्रज्ञांना आपल्या नरक्यात सापडलं. तिकडे आनंद, इकडे नरक, औषध एकच. 1996 मध्ये त्यापासून बनवलेल्या इरिनोटेकान आणि टोपोटेकान या दोन औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली, मागणी वाढली आणि झाडाचे दिवस फिरले.

कारण वाळलेल्या लाकडात हे द्रव्य एक टक्काही नसतं. थोड्याशा औषधासाठी ढीगभर लाकूड लागतं. मुळांत ते चांगलं मिळतं, म्हणून झाड नुसतं तोडत नाहीत, मुळासकट उपटतात. तुकडे करून, वाळवून, पोत्यांत भरून माल ट्रकने बाहेर जातो. जंगलात राबणाऱ्याच्या हाती मजुरी पडते, पैसा पुढच्या हातांत. पकडला जातो तो बहुधा पहिलाच.

मला खरी चुटपुट लागते ती वेगळीच. नरक्या बुंध्यापासून तोडला, तर खोडाला पुन्हा धुमारे फुटतात. मुळं जमिनीत ठेवून, आळीपाळीने तोड केली तर तेच झाड पुन्हा पुन्हा लाकूड देईल. उपटलं की संपलं. त्यात सगळीच झाडं फळत नाहीत, काही नुसती नर असतात. दहा झाडांतली फळणारी चार उपटली, तर उरलेली सहा उभी असूनही रानात नवं रोप येत नाही. दोडामार्गाकडे तर रबराच्या लागवडीसाठी अख्खं जंगलच सपाट झालंय. तिथे धुमारे कशाला फुटणार?

नरक्याच्या आत राहणारी एक बुरशीही हे द्रव्य बनवते, हे 2005 मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी दाखवलं. पण प्रयोगशाळेत पिढ्यामागून पिढ्या वाढवली की अशा बुरशीचा हात आखडतो. त्यामुळे भार अजून झाडांवरच आहे. वहिनीच्या बाटलीतलं औषध चंदगडच्या रानातलं की चीनमधलं, ते लेबलवर लिहिलेलं नव्हतं.

वहिनी आता बरी आहे. मोबाईलवर नरक्याचा फोटो दाखवला, तर म्हणाली, “भाऊजी, इतका का वास मारतो? मला घ्यायचाय.” जुलैत आंबोलीची एसटी पकडायची ठरलीय.