कादंबरीचा ट्रेलर घरच्या घरी

(नाशिकमध्ये लेखक-वाचकांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

वाचकमित्रहो,

कादंबरीच्या ट्रेलरवर, म्हणजे पुस्तकाची ओळख करून देणाऱ्या छोट्या व्हिडिओवर, नाशकात बोलायचं तर सुरुवात दादासाहेब फाळक्यांपासून करायला हवी, आणि ती नुसत्या वंदनापुरती नव्हे. १८७० साली आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेला हा माणूस १९१२ मध्ये लंडनमध्ये कॅमेरा खरेदी करून मुंबईला परतला. चित्रपट काढायचा होता, भांडवल नव्हतं. इथला माणूस घरात बसून चित्रपट काढू शकतो, यावर सावकाराने विश्वास तरी का ठेवावा? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि तो रुजून वर येईपर्यंत थोडं थोडं टिपत राहिले. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत दिसली. तिचं नाव 'अंकुराची वाढ'. ती पाहून कर्ज उभं राहिलं आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला.

पुढे १९१८ मध्ये फाळक्यांनी नाशकातच हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी सुरू केली. १९४४ मध्ये त्यांचा अंतही इथेच झाला. पांडवलेण्यांच्या पायथ्याचं स्मारक आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पण मला आज त्या वाटाण्याबद्दल बोलायचंय. ज्या चित्रपटासाठी पैसे हवे होते त्यातलं त्या तुकड्यात काहीही नव्हतं. राजा नाही, राणी नाही, स्मशान नाही. डोळ्यांदेखत घडणारी एकच गोष्ट होती, आणि दाखवणाऱ्याची चिकाटी तिच्यातून दिसत होती. कादंबरीचा ट्रेलर करणाऱ्याने हे नीट समजून घ्यावं असं मला कळकळीने वाटतं.

कारण आपल्याकडे ट्रेलर म्हटलं की चित्रपटाची नक्कल सुरू होते. व्यावसायिक मंडळींकडे चौकशी केलीत तर पहिला प्रश्न येतो, नायिका म्हणून कुणाला घ्यायचं? माझी कादंबरी जुन्या नाशकातल्या एका तांबट कुटुंबाची आहे आणि तिच्या मध्यभागी गोदू नावाची बाई आहे. गोदू दिसायला कशी, तिचं नाक कसं, रंग कसा, हे मी कादंबरीत कुठेही लिहिलेलं नाही. ते मुद्दाम. पुस्तक वाचून एका बाईंना ती आपल्या आत्यासारखी दिसली, तर एका मुलीला शाळेतल्या बाईंसारखी. हा चेहरा वाचकाने स्वतः घडवलेला असतो आणि त्यामुळेच ती बाई त्याच्या घरातली होते. ट्रेलरमध्ये एखादी नटी नऊवारी नेसवून उभी केली की हे सगळं मिटलं. पुढे वाचक पानापानावर त्या नटीलाच बघणार. चित्रपटाच्या ट्रेलरमध्ये दिसलेला चेहरा चित्रपटात असतोच, तिथे काही बिघडत नाही. कादंबरीत तो नसतो. म्हणून माझा पहिला आणि खरं तर एकमेव आग्रह असा की, पात्राचा चेहरा दाखवू नका. हात दाखवा, वस्तू दाखवा, जागा दाखवा, आवाज ऐकवा. आणि काय दाखवायचं नाही हे लेखकाइतकं दुसऱ्या कुणाला कळत नाही, म्हणून ट्रेलर शक्यतो लेखकाने स्वतः करावा. पैसे वाचतात हा त्यातला गौण फायदा.

मग एकच गोष्ट कोणती निवडायची? मी कल्हई निवडली. तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून कथलाचा थर नसेल तर आंबट पदार्थ कळकतात, हे इथल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. तरुण मुलांसाठी सांगते. घासलेलं भांडं भट्टीवर ठेवतात. कल्हईवाला ते चिमट्याने फिरवत राहतो. तापलं की कथलाची कांडी आत टेकवायची, चिमूटभर नवसागर टाकायचा. पांढरा धूर भपकन वर येतो. नवसागराने तापलेल्या धातूवरचा काळपट थर सुटतो, म्हणून कथील धरतं. लगेच कापसाचा बोळा पोटातून सरसर फिरवायचा, आणि काळ्या-तांबड्या भांड्यात चांदीसारखी चकाकी तळापासून काठापर्यंत पसरत जाते. सगळं काही सेकंदांत. माझ्या कादंबरीत संसाराची अनेक वर्षं जे करू पाहतात ते इथे एका हालचालीत दिसतं. कथानकातलं मात्र अवाक्षरही फुटत नाही.

हे फोनवर टिपायचं तर दोन अडचणी येतात. धूर आला की कॅमेरा गोंधळतो, जवळचं धरू की लांबचं असं करत चित्र पुढेमागे होत राहतं. भट्टीच्या झगझगाटाने बाकीचं सगळं काळं पडतं. दोन्हींवर उपाय एकच. भांड्याच्या काठावर बोट टेकवून क्षणभर दाबून धरायचं, म्हणजे फोकस आणि उजेड दोन्ही जागेवर बांधले जातात. नंतर उजेड थोडा खाली ओढायचा. फोन हातात न धरता स्टुलावर, डब्याला टेकवून ठेवायचा. आणि लेन्स सुती कापडाने पुसायची. दिवसभर खिशात किंवा पर्समध्ये राहिलेल्या फोनची लेन्स तेलकट असते, दिव्यांभोवती जे तोरण दिसतं ते त्यामुळेच. आडवं घ्यायचं की उभं हे आधी ठरवा. बहुतेक लोक फोनवरच बघणार असतील तर उभं घ्या.

आता आवाज. याला मी चित्रापेक्षा वरचं स्थान देते. हलणारं चित्र लोक माफ करतात, आवाज फाटला की पुढे सरकतात. तांबटाच्या हातोडीचा ठोका फोनला सोसत नाही. ठोका पडला की फोन घाबरून आवाज आपोआप दाबतो आणि मग पुढचे क्षण पोकळ जातात. यासाठी फोन पाच-सहा फूट लांब, शक्यतो भिंतीआड ठेवून ठोके वेगळे घ्यावेत आणि चित्राखाली नंतर जोडावेत. मठारकाम, म्हणजे भांड्यावर हातोडीने ठोके देत जाण्याचं काम, चालू असताना लक्ष देऊन ऐका. एकाच घागरीवर ठोक्यांचा सूर बदलत जातो, कारण पत्रा ठोकून ठोकून कडक होत असतो. कारागीर डोळ्यांइतकाच कानावर चालतो. माझ्या ट्रेलरला वेगळं संगीत नाही, हे ठोकेच आहेत.

संगीताचा विषय निघालाच तर कायद्याचं थोडक्यात सांगते. आवडतं गाणं उचलून खाली लावू नका. प्रताधिकार कायदा १९५७ चा आहे. शब्दांवरचा हक्क लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं राहतो, ध्वनिमुद्रणावरचा ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. तुकोबांचा अभंग सगळ्यांचा आहे, पण कुणी गायलेलं त्याचं ध्वनिमुद्रण सगळ्यांचं असेलच असं नाही. मुखपृष्ठ दाखवणार असाल तर चित्रकाराला विचारा, त्याचं नाव द्या. प्रकाशकाशी झालेला करार वाचा. ज्या कारागिराचे हात दिसतात त्याची परवानगी घ्या, त्याला तयार झालेला ट्रेलर सगळ्यांच्या आधी दाखवा आणि त्याचं नाव आपल्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात येऊ द्या.

निवेदन कुणी करायचं? मला विचाराल तर लेखकाने. गोड गळ्याची गरज नाही. पण मलपृष्ठावरचा मजकूर वाचू नका. 'मानवी नात्यांचा हृदयस्पर्शी वेध घेणारी' वगैरे वाक्यांनी आजवर कुणाला पुस्तक उघडावंसं वाटलेलं नाही. आतलंच एखादं पान काढा, ज्यात काहीतरी घडतंय आणि पूर्ण झालेलं नाही. मोठ्याने वाचताना मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दांच्या पुढे जाऊ नये. पाऊण मिनिटाच्या ट्रेलरमध्ये पन्नासएक शब्द पुष्कळ झाले, उरलेल्या वेळात ठोके बोलतात. ध्वनिमुद्रण गाद्या-गोधड्यांच्या खोलीत करा. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. कपड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून वाचलंत तरी फरक कळेल.

पडद्यावरच्या मराठी अक्षरांकडे फार कमी लोक लक्ष देतात, आणि मला त्याचा मनापासून त्रास होतो. फोनवरच्या बऱ्याच ॲपमध्ये जोडाक्षरं तुटतात. 'मृत्यू'मधला 'त्यू' पाय मोडून उभा राहतो, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, 'ऱ्या' तर ओळखूच येत नाही. ज्याने वर्षानुवर्षं भाषेत काम केलंय त्याच्या पुस्तकाची ओळख अशा अक्षरांत व्हावी? ॲपला जमत नसेल तर मजकूर संगणकावर चांगल्या युनिकोड फॉन्टमध्ये लिहा, त्याचं चित्र करा आणि ते चित्र व्हिडिओत ठेवा. एवढ्याने काम होतं. शेवटच्या चौकटीत पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, किंमत आणि संपर्क. आजीला चष्मा न शोधता वाचता येईल इतकं मोठं, आणि पाच सेकंद तरी हलू न देता. क्यूआर कोड तिथे टाकू नका. बघणारा फोनवरच बघतोय, तो कोड स्कॅन करणार कशाने? लिंक खाली मजकुरात द्या.

त्या चौकटीत मी आणखी एक ओळ घातली आहे : 'आपल्या वाचनालयात मागा.' प्रकाशकांना सुरुवातीला ती रुचली नाही, कारण त्यांना विक्री हवी असते. ते मी समजू शकते. पण आपलं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे. या गावात वाचक घडला तो वाचनालयाच्या पायरीवर. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमात २५ पुस्तकांची एकेक पेटी नाशकातून निघून कुठल्या कुठे पोचली. पुस्तक मागून वाचणारा माणूसही वाचकच असतो, आणि वाचनालयात चार जणांनी नाव नोंदवलं की ग्रंथपाल प्रत मागवतात. ट्रेलर त्या चार जणांपर्यंत जायला हवा. म्हणून तो तुमच्या भिशीच्या, सोसायटीच्या, माजी विद्यार्थ्यांच्या गटावर टाका, पण ग्रंथपालांनाही जाऊन दाखवा. व्हॉट्सॲपच्या स्टेटसला बरीच वर्षं ३० सेकंदांची मर्यादा होती, तेव्हापासून लोकांना तेवढंच बघायची सवय आहे. तितक्या लांबीची वेगळी प्रत करून ठेवा.

ज्यांचं पुस्तक छापून आलंय किंवा छापखान्यात आहे, त्यांनी आता चहा झाल्यावर थांबावं. पान निवडून आणलं असेल तर ते इथेच वाचून घेऊ, कुठे श्वास घ्यायचा, कुठे कापायचं ते बघू. सभागृह साडेआठपर्यंत आपल्याकडे आहे, आणि सतरंज्या मी काढू दिलेल्या नाहीत, घुमण्याचा त्रास होणार नाही.