प्लेगचा माग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात तापाने फणफणलेल्या, अंगावर गाठ आलेल्या रुग्णांना तपासून डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा प्लेगच आहे, असे ठामपणे सांगितले. व्यापार ठप्प होईल आणि माणसे शहर सोडून पळतील, हे उघड असल्यामुळे असे निदान कोणालाच नको होते. ते जाहीर करायला धैर्य लागले, याची आठवण आपण ठेवायला हवी.

पुढच्याच महिन्यात वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. भारतात कॉलऱ्याची लस हजारोंना टोचलेल्या या शास्त्रज्ञाला ग्रँट मेडिकल कॉलेजात लहानशी जागा आणि हाताखाली मोजकी माणसे मिळाली. प्लेगचे जंतू ते मांसाच्या रश्शात वाढवत आणि त्यात थोडे तूप सोडत. तुपाचे थेंब वर तरंगत आणि त्यांना धरून जंतूंची वाढ वडाच्या पारंब्यांसारखी खाली लोंबू लागे. जरासा धक्का लागला तरी या पारंब्या तुटत, म्हणून चंबू अगदी स्थिर ठेवावा लागे. पुरेशी वाढ झाली, की तो मुद्दाम हलवून त्या तळाशी पाडायच्या आणि नव्या फुटण्याची वाट पाहायची. शेवटी द्रव तापवून जंतू मारले, की लस तयार होई. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात रोग शिरला, तेव्हा आपणहून पुढे आलेल्या कैद्यांना ती दिली गेली आणि तिचा गुण दिसून आला.

लागण झालेल्याला बरे करणारे औषध मात्र तेव्हा नव्हते. आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचवणाऱ्या सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी पुण्यात याच रोगाने गेल्या.

रोग पसरतो कसा, हे कोडे उरलेच होते. उंदरांवरच्या पिसवा तो पसरवतात, असे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखवले, पण बहुतेकांनी ते मानले नाही. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत याची कसून तपासणी झाली. पिसवांनी भरलेल्या खोल्यांत गिनीपिगांचे पिंजरे वेगवेगळ्या उंचीवर टांगले गेले. जमिनीपासून दोन इंचांवरच्या पिंजऱ्यातील प्राण्यांना प्लेग झाला. दोन फुटांवर, पिसूची उडी पोहोचत नाही तेथे टांगलेले प्राणी वाचले.