स्किडॅडल : धूम ठोकणाऱ्यांचं क्रियापद

श्रोतेहो, नमस्कार. आजचा शब्द आहे इंग्रजीतला स्किडॅडल. म्हणजे धूम ठोकणं, पोबारा करणं. नुसतं निघून जाणं नव्हे. घाबरून, वाट फुटेल तिकडे पळणं. शब्द बोलण्यातला आहे, अर्जाबिर्जात चालायचा नाही.

तो गाजला अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६१ साली. त्या सालातला एक रविवार तुम्हाला सांगायलाच हवा.

२१ जुलै. वॉशिंग्टनपासून चाळीसेक किलोमीटरवर, व्हर्जिनियात, बुल रन नावाच्या ओढ्याकाठी उत्तरेची राज्यं आणि फुटून निघालेली दक्षिणेची राज्यं यांची पहिली मोठी लढाई. उत्तर जिंकणार हे वॉशिंग्टनकरांनी धरूनच ठेवलेलं. म्हणून खासदार, बडी मंडळी, काही बायकासुद्धा बग्ग्या जोडून, खाण्याच्या टोपल्या घेऊन लढाई बघायला निघाली! एका बाईंच्या हातात तर नाटकाला नेतात ती दुर्बीण. सेंटरव्हिलच्या चढावरून तोफांचा धूर बघत मंडळी बसली. दुपारनंतर पारडं फिरलं. उत्तरेचं सैन्य मागे हटू लागलं, आणि परतीच्या वाटेवरच्या कब रन ओढ्याच्या पुलावर तोफगोळ्यानं एक गाडी उलटली. पूल अडला. मग काय! सैनिकांनी बंदुका टाकल्या, गाड्यांचे पट्टे कापून घोडे पळवले. सैनिक आणि बघे, सगळे एकाच रस्त्यावर. न्यूयॉर्कचे खासदार आल्फ्रेड ईली मात्र सापडले शत्रूच्या हाती. लढाई बघायला गेले आणि पाच महिने दक्षिणेच्या राजधानीत, रिचमंडला, कैदेत राहिले!

युद्ध ही बघायची गोष्टच नव्हे. आजही टीव्हीवर युद्धाच्या बातम्यांना ढणढण संगीत लावतात, ते आधी बंद करायला हवं.

तर साल १८६१, लक्षात ठेवा. त्याच ऑगस्टमध्ये ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’मध्ये हा शब्द छापून आला. उत्तरेचे सैनिक तो पळणाऱ्या दक्षिणवाल्यांना लावत होते, बुल रनला तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हा!

शब्द आला कुठून? कुणी ग्रीक मूळ काढलं, कुणी आयरिश. कोशकार मात्र ‘अनिश्चित’ लिहून थांबतात, आणि तेच प्रामाणिक. मला स्वतःला स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडची बोली जवळची वाटते. तिथे दूध सांडलं की हाच शब्द वापरत. सांडणं, विखुरणं, पळणं, ओळीनं लागतं.

पुढे सैन्यभरती चुकवून कॅनडात पळालेल्यांना ‘स्किडॅडलर’ म्हणू लागले. न्यू ब्रन्सविकमध्ये ते जिथे वस्ती करून राहिले, त्या डोंगरधारेचं नाव स्किडॅडल रिज.